भाग १४ : पीण्याच्या भंगारातले थिन क्लायंट

मागच्या भागात आपण फ्लॉपीचा इतिहास पाहिला. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : "कर्नलसाहेब, फ्लॉप्या कपाटात आहेत, पण त्यांतलं उघडायचं कशावर?" प्रश्न रास्त आहे. आजच्या लॅपटॉपवर ते उघडत नाही आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा पीसी आता धड सापडत नाही. सापडलाच तर पॉवर सप्लाय गेलेला, हार्ड डिस्क खडखडणारी, आणि विकणारा त्याला 'अँटिक' म्हणून पितळेच्या समईचा भाव लावतो.

माझं उत्तर घरापासून सहा किलोमीटरवर सापडलं, पीण्यात. म्हणून आजचा भाग पीण्याचा आणि थिन क्लायंट नावाच्या एका दुर्लक्षित पेटीचा.

बेंगळुरू म्हटलं की आपल्याला काचेच्या इमारती आठवतात. पीण्या औद्योगिक क्षेत्र हे त्याआधीचं बेंगळुरू. शेजारी जलहळ्ळीला १९५० च्या दशकात एचएमटी आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स हे दोन मोठे सरकारी कारखाने उभे राहिले. त्यांना लागणारे सुटे भाग, जिग, फिक्स्चर, प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट करणारे छोटे लोक आजूबाजूला आले आणि सत्तरच्या दशकात पीण्याची औद्योगिक वसाहत आकाराला आली. आज तिथे हजारो लहान कारखाने आहेत. इस्रोचं इस्ट्रॅक, म्हणजे उपग्रहांशी बोलणारं केंद्र, हेही तिथेच. २०१४ पासून मेट्रोही तिथे जाते. 'पीण्या इंडस्ट्री' नावाचं स्टेशनच आहे. निपाणी, गडहिंग्लज, बेळगावकडची कितीतरी मराठी माणसं तिथे लेथवर उभी राहिली आणि पुढे स्वतःच्या शेडची मालक झाली.

अशाच एका ओळखीच्या शेडमध्ये गेलो असताना मागच्या गल्लीत एक गोदाम दिसलं. कन्नडमध्ये भंगाराच्या दुकानाला 'गुजरी अंगडी' म्हणतात. आत तांब्याच्या तारा, मोटारींची वाइंडिंग, आणि एका भिंतीला विटांसारख्या रचलेल्या काळ्या-करड्या पेट्या. जाड पुस्तकाएवढी एकेक. कुठल्यातरी कॉल सेंटरनं किंवा बँकेनं एका दमात काढून टाकलेला माल. मी एक उचलली. मागे व्हीजीए, नेटवर्क, सिरियल पोर्ट, एकीला चक्क पंचवीस पिनांचा प्रिंटर पोर्ट. पंखा नाही, हार्ड डिस्क नाही. भंगारवाला म्हणाला, "सार, ये कंप्यूटर नहीं है, इसमें कुछ नहीं है."

तो तसा खरंच बोलत होता. त्या पेटीत काही नसणं हाच तिचा जन्मापासूनचा उद्देश. तो इतिहास थोडा सविस्तर सांगतो.

मी ईएमईचा, म्हणजे सैन्याच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकल इंजिनिअर्स कोअरचा. ऐंशीच्या दशकात सिकंदराबादच्या एमसीईएमईमध्ये कोर्सला होतो तेव्हा संगणक एसीच्या खोलीत असे आणि आम्ही बूट बाहेर काढून आत जायचो. देवघरात जाताना काढतो तसे. संगणक स्वतः काचेपलीकडे. आमच्यासमोर फक्त टर्मिनल. हिरवी अक्षरं, जड कीबोर्ड. टर्मिनलमध्ये स्वतःचं डोकं नसे. आपण टाइप केलेलं ते तारेवरून पलीकडे पोचवायचं आणि पलीकडून आलेलं पडद्यावर दाखवायचं. रेल्वेचं संगणकीकृत आरक्षण दिल्लीत १९८६ मध्ये सुरू झालं तेही असंच : खिडकीवर टर्मिनल, डोकं आत. आपल्या देशातल्या पहिल्या पिढीच्या बहुतेकांनी संगणक असा वाटून घेतलेलाच पाहिला. घरातला, आपला एकट्याचा पीसी फार नंतर आला.

तो आला आणि कार्यालयांत डोकेदुखीही आली. प्रत्येक टेबलावर वेगळी हार्ड डिस्क, वेगळा व्हायरस. मग नव्वदच्या दशकात पुन्हा जुनी कल्पना वर आली की सगळं डोकं सर्व्हरमध्ये ठेवावं आणि टेबलावर नुसता पडदा द्यावा. आयबीएममधून बाहेर पडलेल्या एड याकोबुची यांनी १९८९ मध्ये सिट्रिक्स काढली आणि १९९५ मध्ये त्यांच्या विनफ्रेमनं विंडोज एनटीवर एकाच वेळी अनेकांना काम करायची सोय केली. त्याच वर्षी ओरॅकलचे लॅरी एलिसन यांनी ५०० डॉलरच्या 'नेटवर्क कॉम्प्युटर'ची घोषणा केली. पीसीचा काळ संपला असं ते जाहीर सांगत होते. पीसी काही संपला नाही. तोच स्वस्त झाला, आणि नेटवर्क कॉम्प्युटर मागे पडला. पण १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढल्यावर कार्यालयांत थिन क्लायंट मुकाट्यानं पसरला. टर्मिनल बनवणाऱ्या वाइझसारख्या कंपन्या याच धंद्यात शिरल्या. आपल्या बेंगळुरूची व्हीएक्सएल इन्स्ट्रुमेंट्सही त्यातलीच, टर्मिनलवरून थिन क्लायंटवर आलेली. पुढे २००७ मध्ये एचपीनं निओवेअर घेतली, २०१२ मध्ये डेलनं वाइझ घेतली.

थिन क्लायंट स्वस्त ठेवायचा म्हणजे आत काय घालणार? नवी चिप परवडत नाही, वेगळी चिप बनवणं त्याहून परवडत नाही. म्हणून बहुतेकांनी पीसीच्याच घराण्यातली, कमी वीज खाणारी चिप घातली. कुणी व्हीआयएची, कुणी ट्रान्समेटाची, कुणी एएमडीची जिओड. जिओडची वंशावळ मला फार आवडते. मूळ ती सायरिक्स कंपनीची १९९७ ची मीडियाजीएक्स. सायरिक्स नॅशनल सेमीकंडक्टरनं घेतली, त्यांनी तिला जिओड नाव दिलं, आणि २००३ मध्ये ती एएमडीकडे गेली. म्हणजे २००५-०६ च्या सुमाराच्या वाइझ एस मालिकेच्या पेटीत जी ३६६ मेगाहर्ट्झची जिओड जीएक्स बसते, तिची मुळं पेंटियमच्या काळातली आहेत. तिला डॉस कळतं. विंडोज ९८ कळतं. तिच्यावर आयुष्यभर फक्त दूरच्या सर्व्हरचा पडदा दाखवायचं काम लादलं होतं, एवढंच.

आणि मग ती भंगारात का गेली? यंत्र बिघडलं म्हणून क्वचितच. बऱ्याच पेट्यांत विंडोज एक्सपी एम्बेडेड होतं. त्याचा आधार जानेवारी २०१६ मध्ये संपला. कार्यालयाच्या दृष्टीनं त्या दिवसापासून पेटी असुरक्षित. लीज संपते, आख्खा मजला बदलतो, आणि चालू स्थितीतल्या शेकडो पेट्या ट्रकमध्ये. गोव्यात २००० नंतरच्या वर्षांत याच्या अगदी उलट प्रकार चालू होता. तिथल्या स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टनं परदेशातून वापरलेले पीसी आणून शाळांना दिले होते, आणि त्याच सुमारास लिनक्सच्या एलटीएसपीमुळे जुना पीसी थिन क्लायंट म्हणून वापरायची चर्चा सगळीकडे होती. म्हणजे तेव्हा पीसीचा टर्मिनल करत होते आणि आता मी टर्मिनलचा पीसी करतो आहे.

मी त्या दिवशी दोन पेट्या घेतल्या. एक वाइझ एस मालिकेची आणि एक एचपी टी५७२०, जिच्यात १ गिगाहर्ट्झची जिओड एनएक्स असते. दोन्हींची किंमत मिळून एका कुटुंबाच्या मसाला डोशाइतकी. टी५७२० घ्यायचं कारण तो प्रिंटर पोर्ट. तो कशासाठी हवा होता हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

१९९८ मध्ये मी दोन महिन्यांच्या सुट्टीवर निपाणीला घरी होतो. एक सेकंड हँड पीसी आणला होता, विंडोज ९८ टाकलं होतं, आणि मराठी टायपिंगचं त्या काळचं एक सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं. आई तेव्हा सत्तरीला आलेली. दुपारी वामकुक्षी झाली की ती बोलायची आणि मी टाइप करायचो. तिचं माहेर, लग्न, वखारीतलं तंबाखूचं काम, १९८१ चं तंबाखू आंदोलन, रस्त्यावर बसलेले शेतकरी, आणि घरातून भाकऱ्या बांधून पाठवणाऱ्या बायका. सुट्टी संपली तेव्हा एकेचाळीस पानं झाली होती. शेवटी मी टाइप केलं होतं, 'उरलेलं पुढच्या सुट्टीत'. पुढची सुट्टी १९९९ च्या मे-जूनमध्ये होती. त्या उन्हाळ्यात फौजेतल्या सुट्ट्यांचं काय झालं हे तुम्हाला सांगायला नको. पुढे बदल्या, आईचं आजारपण. २००६ मध्ये ती गेली. पीसी त्याआधीच कुणालातरी देऊन टाकला होता. उरल्या तीन फ्लॉप्या.

फ्लॉप्यांतल्या फायली मी यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लावून लॅपटॉपवर आणल्या होत्या. उघडल्या तर पडद्यावर नुसती उलटीसुलटी रोमन अक्षरं. युनिकोडआधी प्रत्येक मराठी सॉफ्टवेअरची अक्षरांची मांडणी वेगळी असे. पुण्याच्या सी-डॅकनं जिस्ट कार्डातून आणि इस्की या मानकातून भारतीय लिप्यांना एक शिस्त लावली होती; इस्कीला १९९१ मध्ये भारतीय मानकाचा दर्जाही मिळाला. पण छपाईच्या आणि डीटीपीच्या दुनियेत ज्याचा त्याचा फाँट चालला. माझं सॉफ्टवेअर तर कुलूपबंद. त्याच्याबरोबर एक डाँगल यायचं, प्रिंटर पोर्टमध्ये खोचायची काळी डबी. ती नसेल तर प्रोग्राम उघडत नाही. डबी मी ट्रंकेत जपून ठेवली होती, फौजी सवय. पण खोचायची कुठे? नव्या यंत्रांना तो पोर्टच नाही, आणि यूएसबीचे अडॅप्टर घेऊन पाहिले तर ते छापण्यापुरते. डबीशी जसं थेट बोलावं लागतं तसं त्यांना बोलता येत नाही.

आता कामाचं. पेटी उघडली की आत ४४ पिनांच्या आयडीई जोडणीवर एक बोटभर फ्लॅश असतो, त्याला डिस्क ऑन मॉड्यूल म्हणतात. तो काढायचा आणि जागी अडॅप्टर घालून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावायचं. चार जीबी विंडोज ९८ ला भरपूर होतात. मी पहिल्या खेपेला मॉड्यूल परत लावून बघताना उलटं लावलं. दोन सेकंदांत वास आला. पस्तीस वर्षं जवानांना 'लावण्याआधी पिन एक बघ' म्हणून ओरडलेला माणूस मी. घरात कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो.

वाइझच्या पेटीचं बायॉस पासवर्ड मागतं. कंपनीचा मुळातला पासवर्ड 'फायरपोर्ट' आहे, पहिलं अक्षर कॅपिटल. कार्यालयानं बदललेला नसेल तर चालतो. दोन्ही पेट्यांचा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलून टाका, इतक्या वर्षांनी तो संपलेलाच असतो. मग पेन ड्राइव्हवर फ्रीडॉस घ्यायचं. जिम हॉल या विद्यार्थ्यानं १९९४ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आजही जिवंत आहे आणि फुकट आहे. त्यावरून कार्ड फॉरमॅट करायचं, विंडोज ९८ च्या सीडीतला फोल्डर कार्डावर उतरवायचा आणि तिथूनच सेटअप चालवायचा. सीडी ड्राइव्हच्या मागे लागू नका. मेमरी ५१२ एमबीपेक्षा जास्त घालू नका. जास्त मेमरीत विंडोज ९८ गोंधळतं आणि वर 'मेमरी अपुरी आहे' अशी तक्रार करतं.

आवाजाचं मात्र नशीब लागतं. डॉसच्या खेळांना साउंड ब्लास्टर हवं असतं. व्हीआयएच्या ६८६ मालिकेच्या साउथब्रिजमध्ये साउंड ब्लास्टर प्रोशी जुळणारी सोय होती, म्हणून त्या चिपच्या जुन्या पेट्यांना शौकीन लोक शोधत असतात. इतर पेट्यांसाठी आता एसबीईएमयू नावाचा छोटा प्रोग्राम निघाला आहे. बऱ्याच नव्या साउंड चिपना तो साउंड ब्लास्टरचं सोंग घ्यायला लावतो. माझ्या नातवाला प्रिन्स ऑफ पर्शिया आवाजाशिवायही आवडला. खिळ्यांत पडल्यावर तो एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, "आजोबा, सेव्ह कुठे करायचं?"

टी५७२० वर विंडोज ९८ उभं राहायला मला चार संध्याकाळी लागल्या. पाचव्या संध्याकाळी सॉफ्टवेअर टाकलं, डबी खोचली. एका फ्लॉपीवर खराब सेक्टर होते, त्यामुळे सहा पानं गेली. पस्तीस उघडली. मंडळी, अक्षर तेच होतं, जाडसर, थोडं डावीकडे झुकलेलं. हिची हाक आली तरी मी उठलो नाही. मग तिनंच येऊन उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं आणि म्हणाली, "आई 'वखार' असंच म्हणायच्या, 'गोडाऊन' कधीच नाही." तो सगळा मजकूर मी आता युनिकोडमध्ये आणला आहे. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, ते हातानं दुरुस्त केले. दुरुस्त करताना तीन ठिकाणी माझ्या लक्षात आलं की आईचे शब्द बदलून १९९८ मध्ये मी माझे पुस्तकी शब्द घातले होते. मूळ बोलणं आता कुठेच नाही.

दुसऱ्या पेटीची गोष्ट वेगळ्या वळणाची. ज्या शेडमध्ये मी गेलो होतो तिचे मालक गडहिंग्लजकडचे, वय पंचाहत्तर, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. बारा माणसांचं काम. त्यांच्याकडे नव्वदच्या दशकातलं एक मिलिंग यंत्र आहे, जपानी कंट्रोलरचं. यांत्रिकदृष्ट्या ठणठणीत. पण कंट्रोलरची मेमरी इतकी लहान की डायचा मोठा प्रोग्राम मावत नाही. तो बाहेरच्या संगणकातून सिरियल तारेनं थोडा थोडा भरवायचा, यंत्र कापत राहतं, मागे मागे ओळी येत राहतात. पीण्यात याला ड्रिप फीड म्हणतात, द्राक्षबागेसारखंच. हे भरवणारा पीसी गेला होता.

मुलानं नवा लॅपटॉप आणि यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर आणला. दहा मिनिटं चालायचं आणि मध्येच 'बफर ओव्हरफ्लो'चा अलार्म, टूल जॉबमध्ये रुतलेलं. कारण सोपं आहे. पोट भरलं की कंट्रोलर एक थांबा-अक्षर पाठवतो, रिकामं झालं की चालू-अक्षर. जुन्या पीसीचा खरा सिरियल पोर्ट लगेच थांबतो. यूएसबी कन्व्हर्टर अक्षरं गठ्ठ्यानं पाठवतो. थांबा येईपर्यंत पुढचा गठ्ठा निघून गेलेला असतो. चांगले, महाग कन्व्हर्टर हे सांभाळतात, पण अण्णांनी तोवर तीन टूल मोडली होती आणि त्यांचा नव्या वस्तूंवरचा विश्वासही.

"कर्नलसाहेब, तुमची ती भंगारातली पेटी चालेल काय?" त्यांनी विचारलं. वाइझच्या पेटीला खरा सिरियल पोर्ट आहे आणि पंखा नाही. पंखा नसणं तिथे फार मोलाचं. कारखान्यातल्या हवेत लोखंडाची बारीक पूड आणि कूलंटची वाफ असते, पंखा ते सगळं आत ओढतो. पेटीवर फ्रीडॉस टाकलं आणि त्यांच्या पुतण्यानं १९९५ मध्ये टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला प्रोग्राम चालवला. लगेच 'रनटाइम एरर २००'.

ही चूक रेट्रोवाल्यांत प्रसिद्ध आहे. टर्बो पास्कलचे बरेचसे प्रोग्राम सुरू होताना घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, यंत्र किती फेऱ्या मारतं ते मोजतात आणि त्याला ५५ नं भागतात. १९९५ च्या यंत्रांवर उत्तर सोळा बिटांत मावायचं. त्याहून वेगवान यंत्रावर मावत नाही आणि प्रोग्राम तिथेच कोसळतो. आपण ज्या पेटीला मंद म्हणून भंगारात काढलं, ती या प्रोग्रामसाठी फार वेगवान निघाली. यावर तयार दुरुस्ती मिळते, प्रोग्रामच्या फायलीतल्या त्या जागेवर ठिगळ लावून देते. लावली. ४८०० बॉड, सात बिट, सम पॅरिटी, दोन स्टॉप बिट. यंत्राचं स्पिंडल फिरलं आणि अण्णांनी खिशातून चुन्याची डबी काढली.

ती पेटी आता तिथेच यंत्राच्या पॅनेलला दोन स्क्रूंनी बसवलेली आहे. मी परत मागितली नाही. त्यांच्या फ्लॉप्यांवरचे तीनशेच्या वर प्रोग्राम आम्ही कार्डावर घेतले आणि दुसरं कार्ड त्यांच्या घरच्या कपाटात ठेवलं. त्यातल्या काही जॉबचे ग्राहक आता नाहीत, काही ड्रॉइंगही नाहीत. त्या भागाचा आकार कुठे उरला असेल तर त्या कोऑर्डिनेटच्या ओळींत.

दोन सूचना देतो. भंगारातून घेताना बिल मागा आणि शक्यतो नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडे जा. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०१२ मध्ये लागू झाले आणि २०२३ पासून ते आणखी कडक आहेत. पीण्यात बोर्ड जाळून तांबं काढणाऱ्या भट्ट्यांचा धूर मी पाहिलेला आहे, त्या बाजूला आपला पैसा जायला नको. आणि पेटीतल्या फ्लॅशवर आधीच्या कार्यालयाचं काही उरलं असेल तर न वाचता पुसून टाका. दुसऱ्याचं टपाल आपण उघडत नाही.

परवा पुन्हा त्या गोदामात गेलो. भिंत रिकामी होती. भंगारवाला म्हणाला, "सब क्रशर में गया सार. आपको चाहिए तो पहले बोलना." मी त्याला माझा नंबर देऊन आलो आहे.

पुढच्या भागात जलहळ्ळीच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तयार झालेल्या सिम्प्यूटरची गोष्ट. तोवर ज्यांच्या घरात काळी डाँगलची डबी पडून असेल त्यांनी ती टाकू नये. जय हिंद.